पलीकडच्या काठावरचे तीन टोल

१९ ऑगस्ट १९७४. सकाळचे साडेदहा वाजून गेले असतील. मी ओसरीवर बसून हातोड्याचा दांडा बदलत होते. जुना दांडा ठोकून बाहेर काढला होता, नवा बाभळीचा अजून तासत होते. म्हणजे हातोड्याचं लोखंडी डोकं माझ्या मांडीवर आणि दांडा माझ्या हातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात हा हातोडा त्या वेळी कुठे होता, यावरच सगळं अडलं आहे.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. माझं माहेर दापोडीचं. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात देव्हारा, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या असं सगळं घराबाहेर गेलं. कोणी येऊन म्हणालं, "मला नाल्यावर काहीतरी दिसलं," की वडील विचारत, "किती वाजता? उजेड होता का? जेवला होतास का?" मीही हेच विचारते. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बायांचे अनुभव वाचून मी हसलेली आहे, खोटं कशाला बोलू. तेव्हा माझ्यापुरती उत्तरं आधीच देते. वेळ सकाळची, उजेड होता, आणि मी दोन भाकऱ्या खाऊन बसले होते.

आता जागा सांगते. रहाटणीच्या खालच्या अंगाला, पवनेच्या काठावर आमचं घर. पलीकडे पिंपरी, म्हणजे कंपन्या, दवाखाना, बाजार, मुंबई-पुणे रस्ता. मध्ये नदी. उन्हाळ्यात लोक सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून चालत जात. जूनपासून पुढे सात-आठ महिने मात्र आमची तर, म्हणजे माणसं नि गाड्या पलीकडे नेणारी नाव, होती म्हणून लोकांच्या नोकऱ्या होत्या.

ही तर माझ्या सासऱ्यांनी बासष्ट साली सुरू केली. त्यांना घरात आबा म्हणत आणि गावात हवालदार. लष्करात ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. सुटून आल्यावर त्यांनी मोडीत निघालेले दोन मोठे लोखंडी तरंगते डबे मिळवले, शेजारीशेजारी जोडले आणि वर सागाच्या फळ्या ठोकल्या. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जाड तार ताणली. तारेवर दोन कप्प्या, कप्प्यांना दोन दोर आणि दोरांना तर बांधलेली. इंजिन नाही, वल्हं नाही. पुढचा दोर आखडायचा, मागचा सोडायचा, की तर धारेला तिरकी होते आणि धारच तिला पलीकडे ढकलत नेते. येताना उलट. "जी अडवते तिलाच कामाला लावायचं," आबा म्हणत. गावात पहिले कित्येक दिवस लोक नुसते बघायला येऊन बसत. माझी वरात त्याच वर्षी त्याच तरीतून आली. मी अठराची होते आणि नवऱ्याकडे न बघता कप्पीकडे बघत होते, हे आमचे हे अजून ऐकवतात.

त्या तरीने काय नाही नेलं! पहिल्या शिफ्टच्या सायकली... एकीच्या हँडलमध्ये दुसरीचं हँडल अडकवून दाटीने उभ्या केलेल्या, आणि त्यांचे मालक कडेला पाय सोडून बसलेले. भाजीच्या बैलगाड्या. हेडमास्तरांची स्कूटर. गावातला पहिला ट्रॅक्टर. तो चढला तेव्हा डबे असे खाली बसले की ट्रॅक्टरच्या मालकाने खाली मान घालून डोळे मिटून घेतले होते. निवडणुकीची एक जीप आली होती, तिचा भोंगा नदीच्या मधोमधसुद्धा बंद झाला नाही. ऐकायला दोन बगळे होते. डॉक्टरांची मोटार तर कितीदा. एवढ्या वर्षांत एक माणूस बुडाला नाही, एक जनावर गेलं नाही. बिथरणाऱ्या बैलाला वरच्या धारेकडे तोंड करून उभं करायचं, म्हणजे तो शांत राहतो, हे मी तिथेच शिकले. हे सगळं नशिबाने झालं नव्हतं. आबा दर शनिवारी तारेचा वीत न् वीत हाताने चाचपत.

आबांचे नियम दोन. एक, घाटाच्या पायरीजवळ लाल रंगाचा दगड होता. तो बुडाला की तर बंद. मग कोणीही येवो. जीपवाल्या साहेबालाही त्यांनी परत पाठवलं होतं. दुसरा नियम टोलांचा. पलीकडच्या घाटावर एका खांबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, सोबत हातोडा. एक टोल म्हणजे माणसं आहेत. दोन म्हणजे वाहन आहे. तीन म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी गाठ आहे, असाल तसे निघा. टोल कसे द्यायचे तेही ठरलेलं होतं; मध्ये सावकाश दोन आकडे मोजायचे. आपल्या काठावरही तसाच तुकडा होता, उत्तर द्यायला.

आता माझी चूक. पूर आला, तर बंद झाली, तरी पलीकडचे लोक टोल देत राहत. एक, दोन, पुन्हा एक... इकडे आबा घरात येरझाऱ्या घालत, जेवत नसत. बहात्तर सालच्या पावसाळ्यात मीच म्हटलं, "आबा, बंद करताना शेवटच्या खेपेला पलीकडचा हातोडा घेऊनच येत चला. हातोडा नाही म्हणजे तर बंद. लोक समजतील आणि आल्या पावली परत जातील." त्यांना ते पटलं. लोकही समजले. दोन पावसाळे ही युक्ती उत्तम चालली आणि मला तिचा अभिमान होता.

माझी नणंद कमल त्याच्या आधीच लग्न होऊन दापोडीला गेली होती. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये तिला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी यायची होती. सासूबाई आधीच गेलेल्या, तेव्हा सगळं मीच करायचं होतं. एकोणीस तारीख ठरली होती. अठराच्या संध्याकाळी पाण्याचा रंग बदलला, तेव्हा आम्ही यांच्या कंपनीतल्या एका दापोडीच्या माणसासाठी रात्रपाळीला जाणाऱ्याजवळ निरोप धाडला, की पाणी चढतंय, कमलला उद्या आणू नका. एकोणीसला सकाळी हे पहिल्या शिफ्टला पलीकडे गेले. आठ वाजता लाल दगड बुडाला. आबांनी शेवटची खेप केली, हातोडा आणला, साखळीला कुलूप घातलं. हातोड्याचा दांडा सैल झालेला दिसला म्हणून तो माझ्याकडे आला.

पाऊस असा होता की पलीकडचा काठ दिसतच नव्हता.

आणि टोल पडला. मी मांडीवरच्या लोखंडाकडे बघितलं. सावकाश दोन आकडे. दुसरा टोल. पुन्हा दोन आकडे. तिसरा.

आबांचा डावा कान लष्करात सुरुंगाच्या कामात गेलेला होता आणि उजवा अर्धाच उरला होता. शेजारी उभं राहून हाक मारली तरी दुसऱ्यांदा मारावी लागे. ते आतल्या खोलीत होते. टोपी घालून बाहेर आले.

"तीन," ते म्हणाले.

"आबा, हातोडा इथे आहे." मी डोकं उचलून दाखवलं. "पलीकडे वाजवायला काहीच नाही."

"तुला ऐकू आले का?"

"आले."

"किती?"

"तीन."

"मग झालं तर."

"कोणीतरी दगडाने वाजवलं असेल. टवाळ पोरं कमी आहेत का तिकडे?"

"कोणी दिला, कशाने दिला, हे विचारणं आपलं काम नाही, सुमन. तीन पडले की निघायचं."

"आणि लाल दगड बुडाला की बंद, हाही तुमचाच नियम आहे."

ते पायरीवर थांबले. बारा वर्षांत तो नियम त्यांनी मोडला नव्हता आणि तो मोडणं म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. "दोन हुकूम एकदम आले," ते म्हणाले, "तर जिवाचा आधी पाळायचा." आणि किल्ली घेऊन चालू लागले. मी दांडा खाली टाकला, पदर खोचला आणि मागे गेले. मला त्यांचं पटलं नव्हतं. पण एकट्याने दोन दोर धरता येत नाहीत.

घाटावर गणपततात्या आपली गाडी सोडून बसलेले होते. गवारीची पोती भिजत होती. आबांना कुलूप काढताना बघून ते उठलेच.

"काय वो हवालदार, मघाशी मला न्हाई म्हनलात. माजी गवार सडली तरी चालंल, आन् आता सूनबाईला घिऊन कुटं निगालात?"

"टोल ऐकलास का?"

"ऐकला की. दोन. म्हनलं गाडी आली आसंल कुनाची, बसंल माज्यासारकी."

"तीन होते."

"आसतील. मला दोनच घावलं."

"चढ. मागच्या दोराला माणूस हवा."

"मी? आन् माजी बैलं?"

"बैलांना पोहता येतं. तुला येतं का?"

"न्हाई बा."

"मग दोर घट्ट धर."

तात्या शिव्या देत चढले, पण चढले.

पुराच्या पाण्यात ती तर कशी चालवली, हे बघायला त्या दिवशी आणखी चार माणसं हवी होती असं मला आजही वाटतं. नेहमी आबा तिला धारेला चांगली तिरकी धरत. त्या दिवशी ती जेमतेम वळवली, कारण जास्त वळवली असती तर धारेचा सगळा जोर तारेवर आला असता. तार गुणगुणत होती. तिचा आवाज चढला की आबा म्हणत, "सोड हातभर," आणि मी नि तात्या मागचा दोर सोडत असू... नाही, चुकले. वेग कमी करायचा तर पुढचा सोडायचा, मागचा आखडायचा. त्या दिवशी मीही एकदा असंच उलटं केलं, आणि आबांनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. एक बाभळीचं झाड मुळांसकट आलं. आबांनी तर जागच्या जागी सरळ केली, झाड पुढून जाऊ दिलं आणि मग परत वळवली. बासष्ट वर्षांचा माणूस. टोपीसुद्धा हलली नाही.

पलीकडचा काठ जवळ आला तशी पहिली गोष्ट दिसली ती टोलाचा खांब. तो काठावर नव्हताच, पाण्यात होता. रूळ अर्धा बुडालेला, त्याला गवत आणि घाण अडकलेली, आणि भोवती छातीइतकं पळतं पाणी. तिथे कोणी उभं राहू शकत नव्हतं. आबांनी तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोर बांधायला लागले.

घाटाच्या वर पत्र्याचा निवारा होता. त्याच्या मागून एक नाला येतो. मोठ्या पुरात नदीचं पाणी त्या नाल्यात उलटं शिरतं आणि निवाऱ्याचं बेट होतं. ते झालेलं होतं. आणि निवाऱ्यात कट्ट्यावर कमल बसलेली होती, एका हाताने खांब धरून. शेजारी तिची सासू, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं धरून उभी. पाणी कट्ट्याच्या कडेला लागलं होतं.

मला बघून कमल काय म्हणाली असेल?

"वहिनी, हातोडा चोरीला गेलाय बघ! आबांना सांग." आणि मग ओठ चावून खाली वाकली.

आमचा निरोप पोहोचलाच नव्हता. तो दापोडीचा माणूस त्या रात्री कामावरच आला नव्हता, हे मागून कळलं. नऊच्या सुमारास या दोघी घाटावर पोहोचल्या. गावचा कोणीही माणूस हातोडा नाही हे बघून परत गेला असता. कमलला ही नवी रीत माहीतच नव्हती. तिने एवढंच धरलं, की हातोडा कोणीतरी पळवला, पण आबा कधीतरी येतीलच. कळा सुरू झाल्या, आणि मागे वळून बघतात तर नाला भरलेला.

"आवं माय," तिची सासू मला म्हणाली, ती मूळची मराठवाड्यातली, "दीड तास झाला बसून. मी म्हनते चल माघारी, ही म्हनते माजा बाप येतो. कामून ऐकलं मी हिचं!"

"टोल कोनी दिला वो?" तात्यांनी विचारलं.

"कसला टोल?"

"तीन टोल. रुळावर."

"आम्ही हाका मारल्या," कमल म्हणाली, "पदर हलवले. हातोड्याशिवाय काय वाजवणार तात्या? आणि खांबापर्यंत जायचं कसं? तुम्हीच बघा ना."

तात्यांनी बघितलं आणि कोणी न सांगता कमलच्या सासूच्या डोक्यावरचं गाठोडं उचलून तरीत नेलं. हे त्यांच्या बाबतीत फार झालं.

कमलला फळ्यांवर आडवं केलं, तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. येताना मागचा दोर तिच्या सासूने धरला, आणि सांगते, तात्यांपेक्षा चांगला धरला. सुईण घरी येईपर्यंत मीच होते. साडेबाराला मुलगी झाली, ओसरीवरचे बाभळीचे कपचे बाजूला सारून तिथेच. आई आणि लेक दोघी ठीक. संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा पलीकडे त्या निवाऱ्याचं नुसतं छप्पर पाण्यावर दिसत होतं.

आबांची एक वही होती. तर कधी बंद केली, कधी सुरू केली आणि का, हे ते लिहून ठेवत. त्या दिवशीची ओळ मी पाहिली आहे. "१०.३५. तर सोडली. कारण : तीन टोल." बस. मी खोदून विचारलं तर म्हणत, "पोर आली ना घरी?"

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. चार दिवसांनी मी आमच्या काठावरचा रुळाचा तुकडा काढला, पाण्याच्या पिंपात अर्धा बुडेल असा दोराने टांगला आणि दणकून हाणला. थड् असा आवाज आला. आमच्या गोठ्यापर्यंतही गेला नसेल. पिंप म्हणजे नदी नव्हे, मान्य. पुरात वाहून आलेलं लाकूड रुळावर आपटलं असेल, असंही मी धरून बघितलं. एकदा आपटेल. तीनदा, मध्ये सारखे दोन-दोन आकडे मोजून? आणि ते आबांच्या त्या कानाला आतल्या खोलीत ऐकू जाईल? बरं, सगळे मनाचे खेळ म्हणावेत, तर मी कमल दापोडीला सुखरूप आहे असं समजून दांडा तासत होते. माझ्या मनात तिची काळजी नव्हतीच. आणि तात्यांच्या मनात तर फक्त गवार होती.

गावाने ठरवून टाकलं की कमलची आई आली. सासूबाईंनी टोल दिले. मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, माझा यावर विश्वास नाही. सासूबाईंनी हयातीत कधी तो हातोडा हातात धरला नाही, आबांनी त्यांना धरूच दिला नाही. त्यांना टोलांमधलं अंतर कुठून ठाऊक असणार? पण मग कोणी, कशाने... ते मला सांगता येत नाही. आठ वर्षं झाली. आबा गेले, त्यांच्यामागे मी आणि यांनी तर चालवली. आता पूल झालाय, तर काठावर उलटी पडली आहे, डबे अजून एक थेंब पाणी आत घेत नाहीत. ती मुलगी तिसरीत आहे. उत्तर अजून नाही.

वाचकांपैकी कोणाला साधं, पटेल असं कारण सुचलं तर जरूर लिहा. मला ते हवंच आहे.

त्या दिवसाचं एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लाल दगड उघडा पडला. रात्रीच नवा दांडा बसवून ठेवला होता. मी हातोडा, पाना आणि जुन्या कुलपाची साखळी घेऊन पहिल्या खेपेला तरीत चढले.

"कुठे?" आबांनी विचारलं.

"रूळ हलवायला. घाटावरून वर, निवाऱ्याच्या तुळईला."

"आणि हातोडा?"

"तो तिथेच राहील. तर चालू असो नाहीतर बंद."

"बंद असताना लोक वाजवत बसतील. तुलाच ते ऐकणं सहन व्हायचं नाही."

"वाजवू देत," मी म्हटलं.

आबांनी पुढचा दोर आखडला. पलीकडे गेल्यावर खांबाचे नट सोडवायला तासभर गेला, सगळे गंजले होते. रूळ तुळईला टांगला. हातोडा साखळीने निवाऱ्याच्या खांबाला जखडला. मग कमल बसली होती तिथे, ओल्या कट्ट्यावर मी स्वतः बसून बघितलं. हात पुरेना. उठले, साखळी सोडली, आणि बसलेल्या बाईच्या हाताला येईल एवढी लांब करून पुन्हा पक्की केली.